साडीतली मरीया आणि रेम्ब्रांट

साडीतली मरीया 'आपली' नाही, असे मंडळीत अजूनही ऐकू येते. आंजेलो दा फोन्सेकांनी पुण्यात ती रंगवली, तेव्हाही गोव्यात अशीच ओरड झाली. अहो, नासरेथची ती यहूदी मुलगी. निळ्या डोळ्यांची गोरी बाई तरी कुठे होती?

रेम्ब्रांटचे १६५६ चे छापचित्र राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोठे करून पाहा. उत्पत्ती १८ मधले अब्राहामाचे पाहुणे जमिनीवर बसले आहेत, आपल्यासारखेच. ही बैठक त्याने मोगल चित्रावरून घेतली. त्या चित्राची त्याने हाताने केलेली नक्कल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डचांची वखार तेव्हा आपल्या सुरतेतच होती!

मग नाताळच्या गोठ्यात मरीयेला नऊवारी नेसवायची म्हटली, की आपल्याच कपाळाला आठ्या का?