आरोग्याचं पान : घाईनं आलेल्या बाळाचे दात

"दात आले का गं?" दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर आजीचा हा प्रश्न ठरलेला. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या आईला मात्र तो टोचतो. हिशेब सोपा आहे. बाळ दोन महिने आधी आलं असेल, तर वयातून दोन महिने वजा करा. आठ महिन्यांच्या बाळाचे दात सहा महिन्यांच्या मापानं बघायचे.

खरी काळजी उशिराची नाही, कच्च्या एनॅमलची आहे. बाळाला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं ते मुख्यतः पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत. ते हुकलं की दुधाच्या दातांवर डाग किंवा खळगे राहू शकतात. श्वासासाठी तोंडातून नळी घातली असेल, तर वरच्या पुढच्या दातांवर तिचीही खूण उमटू शकते. असे दात लवकर किडतात. "पडणारच आहेत ते" म्हणून सोडू नका. दुखरा दात मुलाचं खाणं आणि झोप दोन्ही हिरावतो.

पहिला दात दिसताच तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. झोपताना तोंडात दुधाची बाटली नको. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याकडे जाऊन या, आणि बाळ कितव्या आठवड्यात जन्मलं ते आवर्जून सांगा. सांता क्लारात हेच हेचीचं पाणी येतं तिथे त्यात फ्लोराइड असतं, शहराच्या विहिरींच्या पाण्यात ते मिसळत नाहीत. आपल्या नळाला कुठलं पाणी येतं, तेही विचारून ठेवा.