मौल्यवान म्हणजे काय हो?

एप्रिल उजाडला की आपल्याकडे दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक आंब्यांचा आणि दुसरा परीक्षांचा. अमेरिकेत त्याच सुमारास तिसराच एक हंगाम सुरू होतो, तो भाकितांचा. तेथल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे, म्हणजे सारे जग ज्याला एन. बी. ए. म्हणून ओळखते त्याचे, साखळी सामने या वेळी संपत आलेले असतात. संघ ३० आणि प्रत्येकाचे सामने ८२. ऑक्टोबरात सुरू झालेले हे रहाटगाडगे एप्रिलच्या मध्यावर थांबते आणि मग बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ. ती सुरू होण्यापूर्वीच्या आठ-दहा दिवसांत त्या खेळाची रसिक मंडळी जो वाद घालतात, तो ऐकल्यावर आपल्या गणेशोत्सवातल्या वक्तृत्व-स्पर्धा अगदी मिळमिळीत वाटू लागतात.

मला हे श्रवणसुख लाभते ते माझ्या भाच्यामुळे. हा चिरंजीव कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटो या शहरी नोकरीला आहे. आपल्या आईला तो आठवड्यातून एकदा फोन करतो. मला मात्र एप्रिल महिन्यात जवळजवळ रोज. ताई म्हणते, "माझ्याशी पाच मिनिटं बोलतो आणि तुझ्याशी तासभर! असं काय बोलता रे तुम्ही?" आता तिला काय सांगावे? आम्ही एका विशेषणावर बोलतो.

ते विशेषण आहे 'व्हॅल्युएबल'. वर्षाच्या अखेरीस जो सर्वांत मानाचा पुरस्कार दिला जातो, त्याचे नाव 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर'. बक्षीस देणाऱ्यांनी 'सर्वोत्कृष्ट खेळाडू' असे साधे नाव ठेवले असते, तर निम्मे भांडण जन्मालाच आले नसते. पण त्यांनी म्हटले 'मौल्यवान'; आणि मौल्यवान म्हणजे काय, हे काही मतदारांना बांधून दिलेले नाही. ज्याचा खेळ सर्वांत उत्तम तो? की ज्याच्यावाचून संघ पार कोलमडेल तो? की सर्वांत यशस्वी संघाचा जो कणा, तो? तिन्ही अर्थ भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहेत. "मामा, म्हणूनच हा तुझा विषय आहे," असे भाच्याचे म्हणणे. आणि ते खोटे नाही.

या वादाची सर्वांत जुनी आणि सर्वांत मजेदार केस १९६२ सालची. हा पुरस्कार १९५६ पासून दिला जाऊ लागला आणि पहिल्या पंचवीस वर्षांत तो खेळाडूंच्याच मतांनी ठरत असे. त्या १९६१-६२ च्या हंगामात फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनने प्रत्येक सामन्यात सरासरी ५०.४ गुण केले. एका सामन्यात तर त्याने एकट्याने १०० गुण काढले. बास्केटबॉलचा सामना ४८ मिनिटांचा. चेंबरलेनची मैदानावरची सरासरी ४८.५ मिनिटे! म्हणजे गृहस्थ जवळजवळ कधी बाकावर बसलाच नाही, वर बरोबरी झालेल्या सामन्यांतला जादा वेळही खेळला. याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसनने गुण, परतीचे चेंडू आणि सहकाऱ्यांना दिलेले पास या तिन्हींत दोन आकडी सरासरी राखण्याचा पराक्रम केला. मग पुरस्कार कोणाला? दोघांनाही नाही. तो मिळाला बॉस्टनच्या बिल रसेलला, ज्याची गुणांची सरासरी चेंबरलेनच्या निम्मीही नव्हती. खेळाडूंनी विचार केला असावा की हा माणूस समोर उभा राहिला की आपले काही चालत नाही, आणि याचा संघ जिंकतो. खरी मौज पुढेच आहे. वर्षाचा आदर्श संघ निवडणे हे त्या वेळी वार्ताहरांचे काम असे. त्यांनी पहिल्या संघात मध्यावर चेंबरलेनला घेतले आणि रसेलला बसवले दुसऱ्या संघात! खेळाडूंच्या मते वर्षातला सर्वांत मौल्यवान, आणि वार्ताहरांच्या मते आपल्या जागेवरचा क्रमांक दोन. मैदानावर पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे. बाद फेरीत हे दोन संघ समोरासमोर आले, मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि बॉस्टनने तो दोन गुणांनी जिंकला. तरीही वाद मिटला नाही. साठ वर्षे उलटली, तो आजही चालू आहे, आणि माझा भाचा त्यात चेंबरलेनच्या बाजूचा आहे. त्याचा बाप तेव्हा जन्मलाही नव्हता.

१९८०-८१ पासून मतदान वार्ताहरांच्या आणि समालोचकांच्या हाती गेले. प्रत्येकाने पाच नावे क्रमाने लिहायची. त्यांना अनुक्रमे १०, ७, ५, ३ आणि १ गुण. पद्धत आमच्या गुणपत्रिकेसारखीच, आणि तक्रारीही तशाच. २००० साली शकील ओनीलला १२१ पैकी १२० पहिली मते पडली. २०१३ साली लेब्रॉन जेम्सलाही १२१ पैकी १२०. दोन्ही वेळा एकेक महाभाग असा निघाला की ज्याने वेगळेच नाव लिहिले. २०१३ सालचा तो मतदार बॉस्टनचा एक पत्रकार होता आणि त्याने आपली बाजू उघडपणे मांडली. त्याचा युक्तिवाद असा, की पुरस्कार 'सर्वोत्कृष्टा'चा नसून 'मौल्यवाना'चा आहे. लेब्रॉनच्या साथीला आणखी दोन नामांकित खेळाडू आहेत, पण न्यूयॉर्कच्या संघातून कार्मेलो अँथनी काढला तर काय उरते? लोक त्याच्यावर तुटून पडले. मला विचाराल तर एवढ्या १२१ जणांत शब्द नीट वाचणारा तो एकटाच होता. माझ्या वर्गात असता तर त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. भाचा म्हणाला, "मामा, म्हणूनच तुझ्या हातात मतपत्रिका देत नाहीत!" अखेर २०१६ साली स्टीफन करीला सर्वच्या सर्व १३१ मते मिळाली, तेव्हा कोठे एकमताचा पहिला निकाल लागला.

आता भाकितांकडे वळू. पूर्वेकडील पंधरा आणि पश्चिमेकडील पंधरा संघांतून पहिले सहा सरळ बाद फेरीत जातात. सातव्यापासून दहाव्यापर्यंतच्या चौघांना उरलेल्या दोन जागांसाठी आधी आपसांत झुंजावे लागते. नंतर प्रत्येक मालिका सात सामन्यांची. जो आधी चार जिंकेल तो पुढे. विजेता ठरेपर्यंत अशा एकंदर पंधरा मालिका होतात. नुसते विजेते ओळखायचे म्हटले तरी ३२,७६८ निरनिराळे निकाल संभवतात. पण खरा रसिक एवढ्यावर थांबत नाही. 'अमका जिंकेल' असे म्हणणे त्यांच्यात भित्रेपणाचे समजतात. 'अमका सहा सामन्यांत जिंकेल' असे म्हणावे लागते. तसे केले की ही संख्या सुमारे ३५ लाख कोटींवर जाते! एवढे असूनही दर एप्रिलमध्ये प्रत्येक जण आपला तक्ता असा छातीठोकपणे मांडतो, की जणू निकालपत्र त्याच्याच टेबलाच्या खणात आहे.

आणि मग सामने सुरू होतात. पुरस्काराची मते साखळी सामने संपताच दिली जातात, निकाल मात्र बाद फेरी चालू असताना कधीतरी जाहीर होतो. या मधल्या काळात नियती फार खोडसाळपणा करते. २००७ साली डॅलसच्या संघाने ६७ सामने जिंकले होते. आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटने त्यांना पहिल्याच फेरीत गारद केले. त्यानंतर काही दिवसांनी डॅलसच्या डर्क नोविट्झकीला वर्षाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. वरातीनंतर घोडे यावे, आणि घोड्यावर बसणाऱ्याला हसतमुखाने छायाचित्रही काढून घ्यावे लागावे!

त्याहूनही करुण प्रसंग १९९५ सालचा. सॅन अँटोनिओच्या डेव्हिड रॉबिन्सनला पुरस्कार मिळाला तो ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत, दुसऱ्या सामन्याच्या आधी, घरच्या प्रेक्षकांसमोर. टाळ्यांचा कडकडाट चालू होता आणि समोर ह्यूस्टनचा हकीम ओलाजुवन उभा राहून पाहत होता. आदल्या वर्षी हाच पुरस्कार त्याचा होता. त्या रात्री हकीमने ४१ गुण केले. ह्यूस्टनने ती मालिका जिंकली आणि पश्चिमेत सहाव्या क्रमांकावर असलेला हा संघ पुढे अजिंक्यही ठरला. रॉबिन्सन हा मोठा सज्जन आणि थोर खेळाडू. पुढे दोनदा अजिंक्यपदही त्याच्या वाट्याला आले. पण ती संध्याकाळ काही लोक विसरत नाहीत.

एकमताने निवडून आलेल्या करीचे तरी काय झाले? त्याच्या संघाने २०१६ साली ८२ पैकी ७३ सामने जिंकले, अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी घेतली आणि नंतरचे तिन्ही सामने गमावले. त्यानंतर मौल्यवान खेळाडू आणि अजिंक्य संघ एकाच ठिकाणी नांदलेले पाहायला २०२५ साल उजाडावे लागले. ओक्लाहोमा सिटीच्या शै गिलजस-अलेक्झांडरने तो योग जुळवून आणला.

ही सारी गंमत आहे असे समजून आपण हसतो, पण तिची एक बाजू हसण्यासारखी नाही. वर्षाच्या आदर्श संघांत नाव लागले की खेळाडूच्या कराराची कमाल मर्यादा वाढते, असा नियम आहे. २०२१ साली बॉस्टनच्या जेसन टेटमचे नाव त्या संघांत आले नाही, आणि त्याचे तीन कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. म्हणजे पत्रकाराच्या पेन्सिलीच्या एका फटकाऱ्यावर कोणाची तरी मिळकत ठरते. उद्या त्याच खेळाडूची मुलाखत घ्यायला त्याच पत्रकाराने जायचे! काही मोठ्या वृत्तपत्रांनी आपल्या माणसांना हे मतदान करण्यास मनाई केलेली आहे, ते मला रास्त वाटते. २०२३-२४ पासून आणखी एक अट आली. निदान ६५ सामने खेळल्यावाचून मोठ्या पुरस्कारांसाठी विचारच व्हायचा नाही. हजेरी कमी म्हणून हुशार मुलाला परीक्षेला बसू न देण्याचा हा प्रकार आम्हा प्राध्यापकांना अपरिचित नाही. त्या पहिल्याच वर्षी फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड गुडघ्याच्या दुखापतीने बाजूला पडला. आदल्या वर्षीचा मानकरी तोच होता आणि खेळतही होता अप्रतिम, पण सामने भरले अवघे ३९. मान गेला डेनव्हरच्या निकोला योकिचकडे. २०१४ साली एकेचाळिसाव्या क्रमांकावर या योकिचची निवड झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवर खाद्यपदार्थांची जाहिरात चालू होती. त्या वेळी त्याच्यावर कोणी भाकीत केले होते, असे सांगणारा मला अद्याप भेटलेला नाही.

भाच्याचा स्वतःचा संघ म्हणजे सॅक्रमेंटो किंग्ज. निष्ठा म्हणजे काय, हे या संघाच्या चाहत्यांकडून शिकावे. २००६ नंतर सलग सोळा हंगाम हा संघ बाद फेरीत पोहोचलाच नाही. एन. बी. ए.च्या इतिहासात इतका दीर्घ उपवास दुसऱ्या कोणाला घडलेला नाही. २०१३ साली तर हा संघ सिॲटलला हलवण्याचे जवळजवळ ठरले होते. तो गावातच राहिला, कारण मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी तो विकत घेतला. रणदिवे यांनी पुढे हाच संघ मुंबईला आणला. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी त्याचे दोन सामने झाले. भारतात झालेले एन. बी. ए.चे ते पहिले सामने. किंग्ज दोन्ही हरले, पैकी पहिला जादा वेळेत, एका गुणाने.

२०२३ साली उपवास सुटला. प्रत्येक विजयानंतर सभागृहावरून आकाशात जांभळ्या प्रकाशाचा झोत सोडण्याची प्रथा त्यांनी त्या हंगामात सुरू केली होती, आणि भाचा रात्री गच्चीवर जाऊन त्याची छायाचित्रे पाठवत असे. प्रशिक्षक माइक ब्राउन यांना वर्षाचे सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून एकमताने निवडण्यात आले. अटीतटीच्या क्षणी सर्वोत्तम खेळणाऱ्यासाठी त्याच वर्षी सुरू झालेला पुरस्कार डीएरन फॉक्सला मिळाला. पहिल्या फेरीत गाठ पडली शेजारच्याच गोल्डन स्टेटशी. भाच्याचा घरसोबती नेमका गोल्डन स्टेटचा भक्त. पैज लागली, हरणाऱ्याने महिनाभर दोघांची भांडी घासायची. भाच्याचे भाकीत, किंग्ज सहा सामन्यांत. घरसोबत्याचे, गोल्डन स्टेट सात सामन्यांत. पहिले दोन सामने किंग्जनी जिंकले. तेव्हा भाच्याचा फोन आमच्याकडे दुपारी आला, आणि त्याच्या आवाजावरून ताईला वाटले की पोराचे लग्न ठरले. पण सातवा सामना सॅक्रमेंटोतच झाला, आणि त्यात करीने ५० गुण केले. सातव्या सामन्यात त्याआधी कोणीही एवढे केले नव्हते.

भांडी घासली. महिनाभर, एक दिवसही न चुकता. पुढच्या वर्षी प्राथमिक झुंजीत किंग्जनी गोल्डन स्टेटला घरी पाठवले, तेव्हा घरसोबत्यानेही घासली. मात्र त्यानंतर किंग्ज न्यू ऑर्लिन्सकडून हरले आणि बाहेर पडले. २०२४ च्या डिसेंबरात ब्राउन यांना काढून टाकण्यात आले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनिओच्या संघात गेला.

ताईने एका दिवाळीला लेकासाठी फॉक्सच्या नावाचा, पाच क्रमांकाचा जांभळा सदरा मागवून दिला होता. त्याचे आता काय केलेस, असे मी विचारले.

"टाकवत नाही, मामा," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात घालतो. आणि हो, या वर्षीचा तक्ता तयार आहे. तू तुझा केव्हा पाठवतोस?"