शेंद्र्यातली दोन बोरं

मांगीरबाबाच्या यात्रेसाठी ओळखलं जाणारं छत्रपती संभाजीनगरजवळचं शेंद्रा आता ऑरिक या औद्योगिक शहरातल्या कारखान्यांसाठीही ओळखलं जातं. तिथे स्पॅन्डेक्स धागा बनवणारी ह्योसंग ही कंपनी दक्षिण कोरियाची. त्या देशात लग्नानंतर ‘फ्येबेक’ नावाचा विधी होतो. सासू-सासरे नवदांपत्याकडे बोरं आणि चेस्टनट फेकतात, नवरा-नवरी ती कापडात झेलतात. संतती व्हावी हा हेतू. आपण संक्रांतीनंतर बोरन्हाणात पोराच्या डोक्यावर बोरं ओततो. आता कौतुक कुणाचं जास्त करायचं?

बोरं मात्र एक नव्हेत, चुलत भावंडं आहेत. आपलं झिझिफस मॉरिशियाना, त्यांचं झिझिफस जुजुबा. दोन्हींत गराच्या आत टणक आठळी. पण स्वभाव उलटे. मराठवाड्यातली बोर ऐन उन्हाळ्यात पानं टाकते, पावसाळ्यात पालवते आणि थंडीत फळते. मुळं खोल जात असल्याने दुष्काळात तगते. कडक हिमापुढे मात्र टिकत नाही. चीन-कोरियातलं झाड हिवाळ्यात उघडंबोडकं होतं, उणे 20 अंशांतही जगतं आणि शरदात फळं देतं.

खरा फरक बाजारात दिसतो. त्यांचं फळ पिकल्यावर लालसर होतं, सुरकुततं, खजुरासारखं वाळतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. चहात, कोंबडीच्या सूपमध्ये, औषधात जातं. चीनमध्ये शिनजियांगसारख्या कोरड्या प्रांतात त्याच्या मोठाल्या बागा उभ्या राहिल्या. आपलं बोर तोडल्यावर काही दिवसांत मऊ पडतं, मग मिळेल त्या भावाला विकावं लागतं.

आणि यावर आपण शोधलेला उपाय कोणता? आणखी मोठं बोर! थायलंडहून आलेलं ॲपल बोर दिसायला देखणं, पण पाणचट. गावठी बोराची आंबटगोड चव त्यात नाही आणि वाळवायलाही ते फारसं उपयोगी नाही. शाळेबाहेर पुडीत मिळणारं बोरकूट हीच आपली जुनी प्रक्रिया. ती तिथेच थांबली.

कोरियन बोराची रोपं आणून इथे लावा, असं कुणी सुचवू नये. त्यांच्याकडून घ्यायची ती वाळवणीची कला. संभाजीनगरच्या हिमायतबागेत परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. वाळवण्याजोगं, कमी पाण्याचं, जास्त गराचं गावठी वाण निवडण्याचं काम त्याने हाती घ्यावं. वाळवण यंत्रांना लागणारी वीज आणि जागा शेंद्र्यात आहे. बोरं पुरवायला आसपासचे कोरडवाहू शेतकरी आहेत.