वजावट कायद्यात आहे, हिशेबात नाही

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80डीडी आणि 80यू यांतील वजावट 2015च्या अर्थसंकल्पात शेवटची वाढली आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही. अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या उपचारांवर, संगोपनावर किंवा तिच्यासाठी घेतलेल्या विमा योजनेवर खर्च करणाऱ्या करदात्याला पहिले कलम लागू होते आणि करदाता स्वतः दिव्यांग असल्यास दुसरे. अपंगत्व किमान 40 टक्के असेल तर उत्पन्नातून 75,000 रुपये आणि 80 टक्के वा अधिक असेल तर 1,25,000 रुपये वगळले जातात. मुलाचा पाय वाढला की कॅलिपर नव्याने बनवून घ्यावे लागतात, फिजिओथेरपीचे पैसे दर भेटीला मोजावे लागतात आणि वाढत्या वजनाचे मूल आईला उचलवेनासे झाले की दिवसभराचा मदतनीस ठेवावा लागतो. यांतला एकही खर्च 2015च्या दरावर थांबलेला नाही.

रकमेचा प्रश्नही आता मागे पडला आहे, कारण वजावटच हातातून गेली आहे. कमी दरांच्या बदल्यात बहुतेक वजावटी सोडायला लावणारी नवी करप्रणाली 2023-24पासून अशी रुजवण्यात आली, की करदात्याने वेगळा पर्याय निवडला नाही तर तीच लागू होते, आणि तिच्यात ही दोन्ही कलमे चालत नाहीत. जुनी प्रणाली खुली आहे, हे उत्तर आकड्यांपुढे टिकत नाही. 2025-26 या वर्षात 15 लाख रुपये पगार असलेले, साठीच्या आतले दोन नोकरदार घ्यावेत. एकाच्या घरी 80 टक्के अपंगत्व असलेले मूल आहे, दुसऱ्याच्या घरी नाही. नव्या प्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन दोघांचे करपात्र उत्पन्न 14,25,000 रुपये होते आणि दोघांनाही उपकरासह 97,500 रुपयेच भरावे लागतात. पहिला पालक जुन्या प्रणालीत गेला तर त्याला 1,25,000 रुपयांची वजावट मिळते खरी, पण अन्य वजावटी नसल्यास कर 2,18,400 रुपयांवर जातो. तीच वजावट नव्या प्रणालीत असती तर कर 78,000 रुपये झाला असता. फरकाचे हे 19,500 रुपये सरकार त्या मुलाच्या उपचारांच्या पैशांतून घेत आहे.

नव्या प्रणालीतही दिव्यांग कर्मचाऱ्याचा दरमहा 3,200 रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त ठेवलेला आहे. कार्यालयात पोहोचण्याचा खर्च टाळता येत नाही, हे मंत्रालयाने ओळखले. घरी अंथरुणावर असलेल्या मुलाचा खर्च मात्र त्याला अजून दिसलेला नाही.

विम्याच्या रकमेबाबत कायदा याहून कठोर आहे. आयुर्विमा महामंडळाच्या ‘जीवन आधार’सारख्या योजनांत पालक हप्ते भरतो, ते आपल्या पश्चात मुलाला पैसे मिळावेत म्हणून. पालकाच्या हयातीत मुलाला काहीच मिळू नये ही अट सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2019 रोजी रद्द केली नाही, परंतु केंद्राला तिचा विचार करण्यास सांगितले. 2022मध्ये ती पालकाने साठी गाठल्यानंतरच्या काळापुरती सैल झाली. दुसरी अट तशीच राहिली: मूल पालकाआधी दगावले, तर योजनेतून परत येणारी रक्कम त्या वर्षीचे पालकाचे उत्पन्न मानली जाते आणि तिच्यावर कर लागतो. आयुर्विम्याच्या रकमेला करमुक्ती देणाऱ्या कलम 10(10डी) मधून नेमकी हीच रक्कम नाव घेऊन वगळलेली आहे. अपत्य गमावलेल्या आईवडिलांकडून कर वसूल करण्याची ही तरतूद कोणत्या महसुलासाठी राखली आहे, याचे उत्तर मंत्रालयाने दिले पाहिजे.

मागणी अशक्य कोटीतली नाही. नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी विमा हप्त्यांवरील कर काढावा म्हणून जुलै 2024मध्ये याच मंत्रालयाला पत्र लिहिले होते, आणि 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरील 18 टक्के जीएसटी गेला. येत्या वित्त विधेयकात दोन्ही वजावटी नव्या प्रणालीत आणाव्यात, त्यांची मर्यादा 2015नंतरच्या महागाईप्रमाणे वाढवावी आणि मुलाच्या मृत्यूनंतर परत येणाऱ्या रकमेवरील कर त्याच विधेयकात रद्द करावा.

दिव्यांग अपत्यांचे करदाते पालक