आधी बिऱ्हाड, मग विद्या

बारावीचा निकाल लागला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात घरोघर एकच धांदल उडते. कोणी मुलास दापोलीच्या कृषी विद्यापीठात घालण्याचा बेत करतो, कोणी मुंबई विद्यापीठाकडे डोळे लावतो, कोणी घाट चढून कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाची वाट धरतो. फी किती, दाखले कोणते, एसटी कितीला सुटते, याची चौकशी बाप दहा ठिकाणी करतो. परंतु पोर रात्री पाठ कोठे टेकणार आणि दोन वेळ कोणाच्या चुलीवरचे खाणार, हे विचारले की तोच बाप हात झटकून सांगतो, "होईल कसे तरी, गुरुजी!" शेतकरी व कारागीर बंधूंनो, या 'कसे तरी'नेच आपला घात केला आहे. बैल दावणीला आणण्यापूर्वी आपण गोठा शाकारतो. आणि पोटचा गोळा शहरात धाडताना त्याच्या डोक्यावर कौल आहे की आभाळ, हे पाहत नाही! याला काय म्हणावे?

विद्येचा दरवाजा शाळेत असतो असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. दुसरा दरवाजा बिऱ्हाडाचा. पहिला कायद्याने उघडला तरी दुसरा बंद राहिला, तर मूल उंबरठ्यावरूनच परत येते. ही गोष्ट वरच्या वर्गाने फार पूर्वी ओळखली होती. गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकण्यास शहरात गेला तर त्याच्यासाठी सात घरी सात वार लागत, माधुकरी मिळे, कोणाच्या तरी ओसरीवर वळकटी टाकण्यास जागा मिळे. त्या मुलांच्या कष्टास आम्ही हिणवीत नाही. उपाशी पोट कोणत्याही जातीचे असो, ते उपाशीच. पण कुणब्याच्या, तेल्याच्या, कुंभाराच्या पोरास वार कोणी लावला? महाराच्या पोरास ओसरी कोणी दिली? आणि मग वर आम्हांसच टोमणा, की यांच्या पोरांस विद्येची गोडी नाही! गोडी होती, महाराज, भाकरी नव्हती.

हे मर्म राजर्षी शाहू छत्रपतींनी जाणले. कोल्हापुरात १८९६ साली सर्व जातींसाठी म्हणून वसतिगृह निघाले, पण नाव सर्वांचे आणि पाट एकाच जातीचे असा प्रकार झाला. तेव्हा महाराजांनी निराळी वाट धरली. १९०१ साली मराठा व जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली; पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी अशा एकेका समाजाची निघाली; १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. राजाने नुसती शाळा काढली असती तर तिच्या बाकांवर पुन्हा तीच मुले बसली असती. त्याने आधी चूल पेटविली, मग फळा टांगला.

आता काही शहाणे म्हणतात, "थोर माणसे रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकली. खोली, गादी, खानावळ हे सारे लाड आहेत." असे म्हणणाराच्या मुलास घरी स्वतंत्र खोली असते, हा नेहमीचा अनुभव! डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आमच्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. परळच्या चाळीत, माणसांनी भरलेल्या बिऱ्हाडात, सारे निजल्यावर उठून ते अभ्यास करीत. शिकले, हे खरे. पण एक बाबासाहेब त्या चाळीतून बाहेर पडले म्हणून चाळ चांगली ठरत नाही. तिच्यात किती जण विझून गेले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली? आणि त्याच बाबासाहेबांची १९१७ सालची हकीकत ऐका. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन, लंडनला शिकून ते बडोद्यास नोकरीवर गेले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांस बिऱ्हाड मिळेना. पारशी सराईत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांस बाहेर पडावे लागले. पदवी खिशात होती, पण निजण्यास चार हात जमीन नव्हती! १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह काढले, ते का काढले हे यावरून समजावे.

"ते दिवस गेले, गुरुजी," असे कोणी म्हणेल. काठ्या गेल्या, हे कबूल. आता घरमालक गोड हसून विचारतो, "आडनाव काय? गाव कोणते? मासळी वगैरे खाता का?" समुद्राच्या काठी जन्मलेल्या पोरास बांगड्याचा वास लपविण्यास सांगतात! आमची पोरे आडनाव गिळून, सुकटीची पुरचुंडी घरी ठेवून खोली घेतात आणि वर्षभर चोरासारखी राहतात. बापांनो, खोटे नाव सांगून मिळालेली खोली घेऊ नका. जेथे पोरास स्वतःचे नाव मोठ्याने सांगता येत नाही, तेथे त्यास वर्गात हात वर करून प्रश्न विचारण्याचे बळ कोठून येणार?

आणि हे फक्त घरमालकाच्या माडीवरच चालते असे नाही. २०२३ साली पवईच्या आयआयटीत, जेथे देशातली निवडक बुद्धी जमते असे सांगतात, तीन वसतिगृहांच्या सामाईक खानावळीत सहा मेजे केवळ शाकाहारी जेवणासाठी राखण्यात आली. त्या मेजावर बसून निषेध केला म्हणून एका विद्यार्थ्यास १०,००० रुपये दंड झाला. आमचे भांडण भाजीशी नाही. आमच्या घरोघर माळकरी आहेत. माळ घातली की ते मासळी सोडतात, पण शेजारी बसून बांगडा खाणाऱ्या भावाचे ताट कोणी उचलून परसात नेत नाही. ज्यास जे रुचेल ते त्याने खावे. परंतु 'तुझ्या ताटाने माझे मेज विटाळते' असे म्हटले की तो आहार राहत नाही, तो पंक्तिभेद होतो. पाट जाऊन मेज आले, सोवळे जाऊन नियमपत्रक आले; आतला विंचू तोच. आमच्या रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशाने १९३१ साली पतितपावन मंदिर बांधून सर्व जातींस आत घेतले. देवाच्या दारी जे मोडले, ते विद्येच्या दारी पुन्हा बांधू द्यावयाचे काय?

दुसऱ्यांस इतके बोललो, आता आपल्याच पदराकडे पाहू. आपली पहिली चूक नातेवाइकाची. "मामा मुंबईस आहे, त्याच्याकडे राहील." मामा भला, मामीही भली, पण दीड खोलीत सहा माणसे. पोर सकाळी पाणी भरते, मामाच्या मुलांस शाळेत पोचवते, रात्री दूरदर्शनचा संच बंद होईपर्यंत पुस्तक मिटून बसते. मुलगी असेल तर विचारूच नका. ती विद्यार्थिनी म्हणून जाते आणि मोलकरीण होऊन राहते. उपकाराच्या अन्नाखाली तिला 'मला अभ्यास आहे' एवढे तीन शब्दही बोलवत नाहीत.

दुसरी चूक गावकऱ्यांच्या खोलीची. मुंबईच्या चाळीतील त्या खोल्यांचे आमच्यावर थोर उपकार आहेत. एकेका खोलीत वीस वीस चाकरमाने पाळीपाळीने निजले, गिरण्यांत राबले, म्हणून गावाकडे मनीऑर्डरी आल्या आणि आमच्या चुली पेटल्या. परंतु कामावरून येऊन निजण्याची जागा निराळी आणि जागून वाचण्याची जागा निराळी. माझ्या शाळेतील एक मुलगा, गणितात असा की मीच त्याच्याकडून उदाहरणे तपासून घ्यावीत. बापाचे आंब्याचे एक कलम नाही, दोन गुंठे वरकस जमीन. मुंबईस जाण्याची वेळ आली तेव्हा बाप माझ्याकडे आला. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज भरावयाचा की गावकऱ्यांच्या खोलीत ठेवावयाचे? मी म्हटले, "खोलीत ठेवा. आपली माणसे आहेत, पैसेही वाचतील." रात्री दिवा लावला की पाळीवरून आलेली माणसे कुरकुरत, ती तरी काय करणार? पोर गॅलरीत जिन्याच्या दिव्याखाली बसे. पावसाळ्यात तीही जागा गेली. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, तिसऱ्या वर्षी तो गावी परतला. आज दुसऱ्याच्या कलमांवर फवारणीस जातो. वाटेत भेटला तर अजून वाकून नमस्कार करतो, आणि मला मान वर करवत नाही. हा दोष सरकारचा नाही, भटशाहीचा नाही. तो माझा आहे. म्हणूनच आज लेखणी हातात घेतली आहे.

तिसरी चूक जातीच्या अभिमानाची. "आमच्या समाजाचे बोर्डिंग आहे, तेथेच घालू." जेथे दुसरी सोय नाही तेथे जरूर घाला, त्या वसतिगृहांनी हजारो संसार उभे केले. पण शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली ती औषध म्हणून, रोजचे अन्न म्हणून नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर विटाळाची आंघोळ करण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्यांस ते वसतिगृह सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी पुढे १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. एका चुलीवर भाकऱ्या, एका पंगतीत जेवण, आणि आपल्या हातांनी काम. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने दिले, मंगळसूत्रही दिले. ज्या मुलांची भूक भागली त्यांची जात त्या माउलीने विचारली नाही. आणि आम्ही आज पोटजात विचारून खोली शोधतो!

आता सरकारकडे वळू. अनुसूचित जातींच्या ज्या मुलांस सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना निघाली. इतर मागासवर्गीयांसाठी २०२३-२४ साली ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना निघाली, तीत प्रत्येक जिल्ह्यास ६०० मुलांची मर्यादा. योजना चांगल्या आहेत, ज्यास लागू असतील त्याने अर्ज अवश्य करावा. पण हिशेब पाहा. स्वाधारचे आकडे ठरले तेव्हा मुंबई-पुण्यासाठी वर्षास ६०,००० रुपये, त्यांपैकी निवासाचे २०,०००. जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००, त्यांपैकी निवासाचे १२,०००. म्हणजे जिल्ह्याच्या गावी महिना १,००० रुपये आणि मुंबईत सोळाशे-सतराशे! ज्या अधिकाऱ्याने हा आकडा लिहिला त्याने या भाड्यात मुंबईत खोली काढून दाखवावी, मी माझा एक महिन्याचा पगार त्याच्या हातावर ठेवीन. आणि हप्ता लांबला तर घरमालक थांबत नाही. भत्ता म्हणजे छप्पर नव्हे. भत्ता देऊन आडनाव विचारणाऱ्या घरमालकाच्या दारात पोरास उभे करावयाचे, हे सरकारने आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकणे आहे. आमची मागणी एकच: जेथे महाविद्यालयास परवानगी, तेथे आधी वसतिगृह, आणि प्रवेशाची यादी लागेल त्याच आठवड्यात वसतिगृहाची यादी.

तोवर आपण काय करावे? विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृह हीच पहिली पसंती ठेवा, आणि प्रवेशाच्या अर्जाबरोबरच त्याचाही अर्ज भरा. तेथे वाचनालय पायांशी असते, जाण्यायेण्याचे भाडे वाचते, आणि दहा गावांची दहा जातींची पोरे एका ताटाशी बसतात. हे शिक्षण कोणत्याच पुस्तकात नाही. अनामत भरण्यापूर्वी एक दिवसाची मजुरी बुडाली तरी बुडू द्या, पण पोराबरोबर स्वतः जा. दिवाणखाना पाहू नका. संडास पाहा, पाण्याची टाकी पाहा, रात्री अभ्यासाच्या खोलीत दिवा किती वेळ असतो ते विचारा. खानावळीचा हिशेब मुलांच्या समितीस दाखवितात काय, हे विचारा. पावती घेतल्यावाचून पैसा देऊ नका. व्यवस्थापक आवारातच राहतो काय, पाहा. छळवणुकीविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडून जे प्रतिज्ञापत्र घेतात ते न वाचता अंगठा उठवू नका. त्या कागदाने तुम्ही जसे बांधले जाता, तसे त्या नियमांनी ते आवारही बांधले जाते. आणि मुलीच्या वसतिगृहाचे दार वाचनालयाच्या आधी बंद होत असेल तर तेथेच विचारा, की पुस्तके फक्त मुलग्यांसाठी आहेत काय?

शेवटी गावास एक सांगणे. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, गणपतीत वर्गणी जमते. देवाचे उणे राहू नये, हे ठीक. पण त्याच वर्गणीतून दर वर्षी एका पोराची वसतिगृहाची अनामत गावाने भरली तर देव काही रुसणार नाही. ज्या गावाची मुंबईस खोली आहे त्याने तिचा एक कोपरा पडदा लावून अभ्यासास राखावा, आणि त्यावर दिवा टांगावा.

या जूनमध्ये माझ्याकडे पुन्हा कोणी बाप येईल आणि कॉलेज कोणते म्हणून विचारील. मी त्यास आधी विचारणार आहे, "राहणार कोठे?" त्याचे उत्तर मिळेपर्यंत मी पुढचे बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका.