नव्वद हजारांची बंदूक आणि वरणगावचं काडतूस

बंदुकीवर कधी लिहीन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. आपण कोड पाडणारी माणसं, बंदुकीशी आपला संबंध दिवाळीतल्या टिकल्यांपुरता. पण गेले काही महिने डोक्यात एक किडा वळवळतोय. आज शनिवार आहे, मॅनेजरचा फोन नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

झालं असं, की गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी दीड महिना डॅलसला होतो. टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली होती. आपल्याकडे पोरं नवी बाईक घेतली की आठवडाभर जसं मायलेज आणि पिकअप ऐकवतात, तसं हा रोज जेवताना रायफल ऐकवायचा. किंमत 900 डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले 75-80 हजार. अगदी स्वस्त नाही, अगदी महाग नाही, मधली. रिव्ह्यू साडेचार स्टार. "शंभर यार्डांवर एका इंचात गोळ्या बसतात", हे तर मी इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं.

एका रविवारी तो मला रेंजवर घेऊन गेला. माझ्या व्हिसावर बंदूक हातात घेणं कायद्यात बसत नाही, म्हणून मी कानाला मफ लावून मागे उभा. पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या झकास गेल्या. मग त्याने स्वस्तातल्या काडतुसांचा डबा उघडला, आणि साडेचार स्टारवाली रायफल दर आठ-दहा गोळ्यांना अडकायला लागली. गडी बंदुकीला शिव्या घालत होता. मला मात्र माझे मामा आठवले.

मामा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : वरणगाव म्हणजे भुसावळच्या पुढे, हायवेला लागून. 1962च्या युद्धानंतर, 1964 साली इथे फॅक्टरी आली. फौजेच्या रायफलींना लागणारी काडतुसं बनवणं हे तिचं मुख्य काम. 2021मधे सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हापासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. मामा तपासणी खात्यात. काय चालतं आत, हे कधी सांगितलं नाही. पण लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "मामा, सगळ्यात भारी बंदूक कोणती हो?" तर म्हणाले, "ज्या बंदुकीत चांगलं काडतूस आहे ती. बाकी सगळं लोखंड आहे भो."

तेव्हा वाटलं, हे म्हणजे हलवायाने आपल्याच पेढ्याचं कौतुक केल्यासारखं झालं. पण इंजिनिअरिंग करून बसल्यावर कळतंय, की मामा शंभर टक्के बरोबर होते.

कसं ते सांगतो. जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल घ्या, थ्री-नॉट-थ्रीसारखी. गोळी झाडली की खटका हाताने मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर, खटका पुढे, नवीन काडतूस आत. हे काम माणसाचा हात करतो. काडतूस थोडं कमी-जास्त असलं तरी हात सांभाळून घेतो. सेमी-ऑटोमॅटिकमधे हात नाही. नळीत तयार झालेल्या गॅसपैकी थोडा गॅस एका बारीक भोकातून वळवतात, आणि तो गॅसच पुंगळी बाहेर फेकून पुढचं काडतूस आत घ्यायचं काम करतो. म्हणून तर तिला सेल्फ लोडिंग म्हणतात. इंजिनिअरिंगला धुळ्यात होतो तेव्हा बंदोबस्ताला एसआरपीचे जवान दिसायचे, त्यांच्या खांद्यावरची लांबलचक एसएलआर म्हणजे तीच, सेल्फ लोडिंग रायफल.

थोडक्यात, साध्या रायफलीत काडतूस म्हणजे फक्त गोळी. सेमी-ऑटोमॅटिकमधे काडतूस हेच इंजिनचं पेट्रोल. दाब कमी पडला तर खटका अर्ध्यावर अडकतो. जास्त झाला तर तो वेळेआधी उघडतो, भाग झिजतात, धक्का वाढतो. त्यात दारूचं जळणं तापमानाबरोबर बदलतं. भुसावळच्या 46 अंशांत तापलेलं काडतूस आणि द्रासच्या उणे 20मधे गारठलेलं काडतूस एकाच लॉटचं असलं तरी सारखं वागत नाही.

आता याचा पुरावा. व्हिएतनाममधे 1960च्या दशकात अमेरिकेने आपल्या सैनिकांना नवी एम-16 रायफल दिली. डिझाईन चांगलं होतं. पण काडतुसातली दारू मधेच बदलली, नळीच्या आत क्रोमचा थर नव्हता, आणि "हिला साफ करावं लागत नाही" अशा समजुतीत सफाईचं सामानही पुरेसं दिलं नाही. ऐन लढाईत रायफली अडकल्या, अडकलेली रायफल हातात घेऊन पोरं मेली. 1967मधे अमेरिकन काँग्रेसच्या समितीला चौकशी करावी लागली. पुढे क्रोम आलं, सफाईचं सामान आलं, आणि त्याच रायफलीच्या पिढ्या नंतर अनेक दशकं चालल्या. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य आपण ऑफिसमधे रोज ऐकतो, पण तिथे त्याची किंमत बग रिपोर्टमधे मोजली जात नव्हती.

आपल्याकडे येऊ. आपली इन्सास पुण्याच्या एआरडीईने तयार केली. 1999च्या कारगिलमधे ती अडकण्याच्या आणि थंडीत प्लास्टिकचं मॅगझिन तडकण्याच्या तक्रारी आल्या. 2005मधे नेपाळच्या सैन्याने तक्रार केली, तेव्हा आपल्याकडून सांगितलं गेलं की वापर आणि देखभाल नीट नव्हती. मग फेब्रुवारी 2019मधे आपण अमेरिकेकडून 72,400 सिग 716 घ्यायचा करार केला. 7.62 × 51 मिलिमीटरची रायफल, साधारण 647 कोटी. भागाकार करा, एक रायफल जवळपास 90 हजारांना पडते. ऑगस्ट 2024मधे आणखी 73,000, सुमारे 837 कोटी, म्हणजे एक लाख 15 हजारांच्या घरात. जगाच्या बाजारात ही मधल्या भावाचीच रायफल.

भारी की भंगार, यावर फॅमिली ग्रुपवर हाणामारी ठरलेली. एक काका म्हणणार "परदेशी ती परदेशी", दुसरे म्हणणार "स्वदेशी का नाही?" दोघांनाही काडतूस आठवत नाही. सिग 716 आपल्या देशी काडतुसांवर नीट चालत नाही, अडकते, अशा तक्रारी नंतर छापून आल्या. आता यात रायफल वाईट की काडतूस वाईट? माझ्या मते प्रश्नच चुकलाय. दोन्ही आपापल्या जागी पास होऊन एकत्र नापास होऊ शकतात. त्याला आपण इंटिग्रेशन टेस्टिंग म्हणतो, आणि ते डिलिव्हरीआधी करायचं असतं.

शिवाय पैशाचा हिशोब बघा. समजा एक काडतूस 50 रुपयांना पडतं (आकडा फक्त हिशोबापुरता). एका रायफलीने आयुष्यात दहा हजार गोळ्या झाडल्या तर झाले पाच लाख. नव्वद हजारांची रायफल हा त्यातला छोटा हिस्सा. घासाघीस मात्र रायफलीच्या किमतीवर, आणि बातमीही त्याचीच. वजनाचंही तेच. 7.62 × 51चं काडतूस साधारण 24 ग्रॅम, इन्सासचं 5.56चं 12. शंभर गोळ्या घेतल्या तर सव्वा किलो जास्तीचं ओझं, आणि ते डोंगर चढताना कुणाच्या तरी पाठीवर असतं. त्यात एके-203ला 7.62 × 39चं तिसरंच काडतूस लागतं. म्हणजे एका फौजेला तीन प्रकारची काडतुसं. याला काय म्हणतात ते डिपेंडन्सी सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा :-)

म्हणून माझं साधं मत : सेमी-ऑटोमॅटिक रायफल चांगली की वाईट हे तिच्या किमतीवरून किंवा शंभर यार्डांवरच्या एका इंचावरून ठरवू नये. जे काडतूस रोज मिळणार आहे ते घालून, धुळीत आणि थंडीत, किती गोळ्यांमागे एकदा अडकते ते मोजावं. रायफल, काडतूस, दुर्बीण, सुटे भाग, सगळं धरून भाव काढावा. आणि रायफलीच्या कराराइतकंच लक्ष काडतुसाच्या कारखान्यातल्या तपासणीवर द्यावं.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे खरं तर. माझा मामेभाऊ फौजेत आहे. सुटीवर आला तेव्हा शेवभाजी खाता खाता विचारलं, नवी रायफल कशी आहे रे? "जड आहे दादा," म्हणाला. बास, एवढंच. मामा शेजारी बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. नंतर हात धुताना हळूच मला म्हणाले, "नोकरीत असताना एखादा लॉट नापास केला की वरून फोन यायचे. मी म्हणायचो, साहेब, माझा पोरगा फौजेत जायचं म्हणतोय."

असो. पुढच्या वेळी ग्रुपवर बंदुकीच्या किमतीचा मेसेज आला, तर एवढंच विचारा : आणि काडतूस कोणतं?