‘आवाज कमी कर’ म्हणण्याआधी

नाट्यसंगीतावर पोसलेल्या पिढीला शंकर-जयकिशन थिल्लर वाटले. शंकर-जयकिशनवर जीव टाकणाऱ्यांनी आर. डी. बर्मनच्या गाण्यांना धांगडधिंगा म्हटले आणि आर. डी.चे भक्त पुढे आपल्या मुलांच्या खोलीबाहेर उभे राहून तोच शब्द वापरू लागले. आपले ते संगीत आणि पुढच्यांचा तो गोंगाट, हा नियम इतका जुना आहे की त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण त्या गोंगाटाच्या आत काय असते, हे मात्र एकदा कान देऊन ऐकावे. त्यासाठी आपल्याच कॉलेजच्या दिवसांतला एखादा गोंगाट निवडावा. तेव्हा आपण दाराच्या आत होतो, आता बाहेर आहोत. एकाच गोष्टीच्या दोन्ही बाजू पाहण्याची अशी संधी आयुष्यात फारदा मिळत नाही.

माझ्या पिढीचा असा एक गोंगाट म्हणजे ‘ग्रीन डे’ या अमेरिकन बँडचा ‘डूकी’ हा अल्बम. १ फेब्रुवारी १९९४ रोजी तो तिकडे प्रसिद्ध झाला. आपल्याकडे नुकत्याच रुजलेल्या केबल टीव्हीच्या संगीतवाहिन्यांमधून आणि या हातातून त्या हातात फिरणाऱ्या कॅसेटींमधून तो आमच्यापर्यंत पोचला. ‘डूकी’ या शब्दाचा अर्थ रविवारी सकाळी चहाबरोबर सांगण्यासारखा नाही. लहान मूल ज्याला ‘शी’ म्हणते, तेच ते. म्हणजे मोठ्यांना चिडवण्याची सोय नावातच करून ठेवलेली!

या प्रकाराला पॉप-पंक म्हणतात. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ने आणि लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ने जे पंक संगीत गाजवले, त्यात गिटारचे दोन-चार कॉर्ड, भन्नाट वेग आणि राग एवढाच ऐवज होता. कॅलिफोर्नियातल्या या तीन मुलांनी त्याला ओठांवर सहज बसेल अशी चाल दिली. अल्बममध्ये चौदा गाणी, आणि सगळा कारभार चाळीस मिनिटांत आटोपतो. त्या तालावर आमची पिढी उड्या मारत असे. शब्द निम्मे कळत, निम्मे कळत नसत. पण त्यावाचून कोणाचे अडत नव्हते.

आज तीस वर्षांनी तोच अल्बम सावकाश, शब्द समोर ठेवून ऐकला की वेगळेच काही हाती लागते. तो बंडाचा अल्बम नाहीच. तो घाबरलेल्या मुलाचा अल्बम आहे.

‘लाँगव्ह्यू’ या गाण्यातला मुलगा दिवसभर टीव्हीसमोर लोळतो. बाहेर जावेसे वाटत नाही, काही करावेसे वाटत नाही आणि त्या न वाटण्याचाही त्याला कंटाळा आला आहे. ‘वेलकम टू पॅराडाइज’ हे गाणे तर जवळजवळ आईला लिहिलेले पत्र आहे. घर सोडून ओकलंडच्या मोडकळीस आलेल्या वस्तीत राहायला गेलेला मुलगा आधी भेदरलेला असतो आणि काही महिन्यांनी तीच जागा त्याला आपली वाटू लागते. होस्टेलवर मूल ठेवून आलेल्या कोणत्याही आईला हे गाणे समजावून सांगावे लागणार नाही. आणि सर्वांत गाजलेल्या ‘बास्केट केस’मध्ये एक तरुण विचारतो आहे की आपले डोके ठिकाणावर आहे ना. या गाण्याचे चित्रीकरण मनोरुग्णालयाच्या इमारतीत झाले होते. आम्हाला ती गंमत वाटे.

पण गंमत नव्हती. गाणे लिहिणारा बिली जो आर्मस्ट्राँग अल्बम आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. वडील ट्रक चालवत आणि हौसेने जॅझ वाजवत. १९८२ साली, हा दहा वर्षांचा असताना, ते कर्करोगाने गेले. आई हॉटेलात वेटरचे काम करी. शाळा त्याने अर्धवट सोडली. ज्या बर्कलीच्या ‘गिलमन स्ट्रीट’ क्लबात हा बँड वाढला, त्या क्लबानेही मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून त्यांना दार बंद केले. या मुलाला एकाएकी छाती धडधडून भीतीचे झटके येत. आपल्याला काय होते आहे हे कळेना, म्हणून त्याने गाणे लिहिले. डॉक्टरांनी त्याला ‘पॅनिक डिसऑर्डर’ असे नाव दिले ते पुढे काही वर्षांनी. म्हणजे निदानाच्या आधी गाणे आले!

त्याच वर्षी, ५ एप्रिल १९९४ रोजी ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनने सत्ताविसाव्या वर्षी आत्महत्या केली. कोबेनचे दुःख त्याच्या आवाजात उघड ऐकू येई. ‘डूकी’ने तेच दुःख विनोदात आणि उडत्या चालीत गुंडाळले. म्हणूनच ते ओळखणे अधिक अवघड होते. आपल्या घरातही असेच असते ना? जे मूल रडते त्याला आपण जवळ घेतो. जे मूल दार आपटते, टवाळी करते, ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणते, त्याला आपण उद्धट म्हणून मोकळे होतो.

तुम्ही म्हणाल, ही सगळी अमेरिकेतली कथा. आपल्या मुलांचा तिच्याशी काय संबंध? आपल्याकडे घरे एवढी विस्कटलेली नाहीत. खरे आहे. पण भीतीला विस्कटलेले घर लागतेच असे नाही. लातूर-नांदेडहून पुण्यात आलेल्या, क्लासच्या फीचा आकडा पाठ असलेल्या मुलालाही रात्री तीन वाजता छातीत धडधडते. त्याला ते सांगता येत नाही, कारण आपल्या घरांत तापाला शब्द आहे, खोकल्याला शब्द आहे, या धडधडीला नाही. मग ते मूल कोणा दुसऱ्याचे शब्द उसने घेते आणि मोठ्या आवाजात लावते.

दुसराही आक्षेप घेता येईल. प्रत्येक गोंगाटात दुःखच शोधायचे का? मुळीच नाही. ‘डूकी’मध्येही निव्वळ वात्रटपणा भरपूर आहे, शिव्याही आहेत आणि वयात आलेल्या मुलाला धुडगूस घालण्याचा हक्क आहेच. मुद्दा एवढाच की कोणता धुडगूस आणि कोणती हाक, हे दाराबाहेरून कळत नाही.

आणि आज तर दाराबाहेर काही ऐकूच येत नाही. टेपरेकॉर्डरच्या काळात भिंतीपलीकडून निदान आवाज येई. ‘अरे, तो आवाज कमी कर,’ असे ओरडून वडील चिडत, आई वैतागे. पण कोणते गाणे सारखे लागते आहे, हे घराला माहीत असे. आता कानात इअरफोन असतात. घर शांत असते आणि त्या शांततेलाच आपण सुख समजतो. एकच गाणे मुलगी रात्रभर पुन्हा पुन्हा ऐकते आहे, हे शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईला कळायला मार्ग नाही.

‘डूकी’चे पुढे सोने झाले. ग्रॅमी मिळाले, एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि २०२४ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत त्याची नोंद केली. आर्मस्ट्राँगला मात्र २०१२ साली व्यसनमुक्तीसाठी उपचार घ्यावे लागले. गाणे जगभर ऐकले गेले म्हणून गाणाऱ्याची भीती आपोआप सरत नाही. तिला माणूसच लागते. मार्च २०२५ मध्ये ‘ग्रीन डे’ मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. आम्हा जुन्या श्रोत्यांना आनंद झाला, हे सांगायला नकोच.

पण आमचे खरे काम रेसकोर्सवर नाही, घरात आहे. एखाद्या संध्याकाळी मुलाला म्हणावे, कानातले काढ आणि तू काय ऐकतोस ते मोठ्याने लाव. चाल आवडली नाही तर तसे खुशाल सांगावे. शब्द कळले नाहीत तर विचारावेत. आणि गाणे संपेपर्यंत खोलीतून उठू नये.